चौदाव्या फ्रेटवर मरणारा सूर

६ नोव्हेंबर, गुरुवार

मेली! पुन्हा मेली!

सगळं गाणं नीट वाजवायचं आणि शेवटी जिथे मला एकटीला बोलायचंय, नेमकं तिथेच माझ्या गिटारने तोंड मिटायचं. विपुलचे ड्रम थांबतात. अनीश गायचा थांबतो. सगळी खोली थांबते — आणि माझी एक नोट. तिसरी तार, चौदावा फ्रेट. दांड्यावरच्या त्या चौदाव्या पट्टीवर बोट ठेवलं की ती नुसती उभी राहायला हवी, बस. आणि ही बया काय करते? टुंग. संपली. कुणी तारांवर ओला टॉवेल टाकावा तसं.

अनीश म्हणे, "निशी यार, नोट में दम नहीं है." नोट में दम नहीं! मी काय फुंकर मारून वाजवते का भिया?

आणि तो उन्मेष. पुण्याहून येऊन अजून त्याचं सामान उघडलं नाही, आणि कीबोर्डवर बोट ठेवून मला सांगतो, "हा स्वर मी धरून ठेवू शकतो. हवा तितका वेळ." धर ना. बटण दाबून कुणीही धरेल. आमच्या शेजारचं पोरगंही धरेल.

ती नोट माझी आहे. ह्या गाण्यातली बाकीची गिटार कुणाकडूनही वाजवून घ्या, मला काही वाटणार नाही. तेवढी एक जागा मी भांडून घेतलीय. तीस तारखेला कार्यक्रम आहे. तीही गेली की मी मागे उभी राहून तारा खरवडणारी बाई — पोस्टरवर पोरगी दिसावी म्हणून ठेवलेली.

डोकं इतकं फिरलंय की जेवले नाही. आईने विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शांतपणे विचार करायचा असं ठरवलंय. (शांतपणे! मी!)

सांवेर रोडला फॅक्टरीत दिवसभर मी करते काय? व्हॉल्व्ह तपासते. गळतोय — का गळतोय, सील की सीट की कास्टिंग. नव्या पोरांना मीच घसा फोडून सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या तर दोष कुणाचा ते कळणार नाही. मग घरी तेच करायचं.

आज तारा बदलल्या. नव्याकोऱ्या, चकाकणाऱ्या. सहाही मस्त लागल्या असं वाटलं. चौदाव्या फ्रेटवर बोट ठेवलं — टुंग.

आई वर गच्चीवर कपडे काढायला आली होती, दारात उभी राहिली. "काय बिघडलंय गं?"

"सस्टेन नाहीये."

"म्हणजे?"

"तार छेडली की सूर टिकायला हवा. टिकत नाहीये."

"मग तसं सांग ना," म्हणाली आणि कपडे घेऊन गेली.

तारांचा दोष नाही. एक रेघ मारली.

९ नोव्हेंबर, रविवार

अॅम्पचा दोष असेल म्हणून सकाळी अॅम्प न लावताच वाजवली. कान लाकडाला लावून. तरी मरते. म्हणजे दोष गिटारच्या अंगातच आहे.

मग एक युक्ती वाचली होती ती केली. गिटारचं डोकं लोखंडी कपाटाला टेकवून वाजवायचं, जड वस्तूचा आधार मिळाला की सूर लांबतो का बघायचं. लांबला! थोडा, पण लांबला. कपाट मात्र असं घुमलं की खालून आई धावत जिन्यापर्यंत आली.

"बाबा विचारतायत, कपाट का वाजतंय?"

"सांग, कपाट नाही, गिटार वाजतेय."

खाली काहीतरी बोलणं झालं. मग आई पुन्हा, "म्हणतायत, बरं."

अशी आमची बातचीत. एकाच घरात, सुदामा नगरातल्या दोन मजल्यांच्या घरात, मधे आईचा टपाल विभाग. खंडेनवमीपासून चाललंय. लिहूनच टाकते, नाहीतर पोटात राहील.

बाबा उभा जन्म फॅक्टरीच्या टूलरूममध्ये होते. दिवाकर जोगळेकर म्हटलं की सांवेर रोडवर अजून जुनी माणसं खुर्ची पुढे करतात. त्यांची खंडेनवमी म्हणजे एक थाटच. आदल्या दिवशीच सगळी हत्यारं खोलून बसतात. लोखंड पकडायचा व्हाइस, ड्रिलचा चक, रंधा — सगळं सुटं, उघडं. तेल, फडकं. आणि पूजेला कुंकू वरून नाही लावायचं, आत लावायचं. जिथे दोन तोंडं एकमेकांना भेटतात तिथे. म्हणे, खरं काम तिथे होतं. अक्षताही तिथेच. दसऱ्याला प्रत्येक तोंड फडक्याने पुसायचं, मगच जोडायचं. आईलासुद्धा हात लावू देत नाहीत. लहान असताना माझी कंपासपेटी बसायची पाटावर, कंपासचं टोक काढून ठेवलेली! मला केवढं भारी वाटायचं.

गिटार कधी बसली नाही. कॉलेजात असताना एकदा मी गुपचूप ठेवली होती, त्यांनी उचलून सोफ्यावर ठेवली.

ह्या वर्षी तर माझी गिटार खोललेलीच होती. बॉडी लाल रंगवायला घेतली म्हणून नेक, म्हणजे वरचा लांब दांडा, काढून ठेवली होती. मी खाली जाऊन गमतीतच म्हटलं, बाबा, माझंही हत्यार तयार आहे, सुटं करूनच ठेवलंय, ह्या वेळी बसवा की पाटावर.

मान वर केली नाही. "इथे पोट भरणारी हत्यारं बसतात. खेळणी नाहीत."

मग पिथमपूर निघालं. निघणारच होतं. कंपनीने मला तिकडच्या प्लांटला बढती देऊ केली होती, मी नाही म्हटलं, कारण रोज तिकडून येऊन रिहर्सल होणं शक्य नाही. "खेळण्यापायी बढती सोडली," म्हणाले. आईच्या देखत, समोरच्या काकू तोरणाची फुलं घेऊन आल्या होत्या त्यांच्याही देखत.

मी म्हटलं, तुमची हत्यारं तरी आता कुणाचं पोट भरतायत?

बोलले. बरं केलं. त्यांनी सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी देवासला गरब्याच्या कार्यक्रमाला निघून गेले, अनीशची जुनी गिटार घेऊन. त्यांची पूजा बघायलाही थांबले नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पिकअप! तेच असणार! पिकअप म्हणजे तारांखालचं लोहचुंबक, ते फार वर आलं की तारेला खेचतं, थरथरू देत नाही. माझे वर आलेलेच आहेत. उद्या खाली करते. सापडला चोर!

१२ नोव्हेंबर, बुधवार

खाली केले. काही फरक नाही. आज माझ्याशी कुणी बोलू नका.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

राजवाड्यामागे गल्लीत एक गिटार दुरुस्त करणारे आहेत. फॅक्टरीतून अर्धा दिवस सुट्टी काढून, गिटार पाठीला लावून, त्या गर्दीत स्कूटी घालून गेले. एका ऑटोवाल्याने आरशाने गिटारला धक्का मारला आणि वर मलाच, "दीदी देख के!"

दुकानवाल्याने गिटार घेतली, दोनदा टुणटुण केली. "पेंट किसने किया?"

"मैंने."

"मोटा हो गया मैडम. लकड़ी का दम घुट गया."

मी म्हटलं, रंग खाली बॉडीवर आहे, आणि मी पातळ हात मारलाय, एवढ्याने इतका फरक पडेल? तर हसला. शेजारच्या खुर्चीत बसलेल्याकडे बघून म्हणतो, "वैसे लेडीज लोगों का हाथ भी हल्का होता है ना. नोट को दबा के पकड़ना पड़ता है."

हाथ हल्का! ह्या हल्क्या हाताने मी दिवसाला किती फ्लँज आवळून बघते, येऊन बघ म्हणावं एकदा. मी गिटार त्याच्या हातातून ओढून घेतली. बॅगेत कोंबली, चेन ओढली. तो मागून, "अरे मैडम, नाराज़ क्यों हो रही हो, चाय तो पियो." डोंबलाची चाय!

घरी येऊन आरशासमोर उभी राहून त्याला काय काय उत्तरं द्यायला हवी होती ती सगळी दिली. सगळी एकाहून एक सरस. तिथे एकही सुचलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

रिहर्सल. अनीशने आज उन्मेषला ती नोट वाजवायला लावली. "बस ट्राय करते हैं."

वाजली. चांगली वाजली, आग लागो तिला. आली, राहिली, हळूहळू खोलीतून बाहेर गेली. विपुलने डोळे मिटले होते. माझ्या नोटेला त्याने कधी डोळे मिटले नाहीत, तो मोबाईल बघतो.

अनीश वाईट नाहीये. तोच म्हणतो ना, ये गाना तेरे उस नोट पे खड़ा है. आज म्हणाला, "पुढच्या रविवारपर्यंत बघ. जमलं तर तुझीच. नाही तर उन्मेष. यार बुरा मत मान, अपन को शो भी तो देखना है." अपन को! मी त्या 'अपन'मध्ये आहे की नाही?

उन्मेष जाताना म्हणतो, "तू मनाला लावून घेऊ नकोस हं." मी म्हटलं, मी मनाला नाही लावत, मी डोक्याला लावते. त्याला कळलं नाही. गेला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज अनीशची जुनी गिटार मागून आणली. तोच अॅम्प, तीच वायर, तेच बोट, तोच चौदावा फ्रेट. आणि नोट — उभी राहिली! कितीतरी वेळ उभी राहिली! म्हणजे माझा हात हलका नाही. ऐक रे राजवाड्यामागच्या शहाण्या!

मग फोनमधलं जुनं रेकॉर्डिंग काढलं, गणपतीच्या आधीचं. माझीच गिटार, ह्याच गाण्याची पहिली खटपट. त्यातही नोट टिकतेय. म्हणजे तेव्हा ठीक होती. मधे काय झालं?

मधे रंग झाला. नेक निघाली आणि पुन्हा बसली. आणि ती कशी बसली ते मला नीट आठवतंय. दसऱ्याला सकाळी देवासहून आलो, त्याच संध्याकाळी इथे दुसरा कार्यक्रम, मला माझीच गिटार हवी होती. अनीश खाली गाडीत, एकसारखा हॉर्न. "निशी, जल्दी!" मी वर धावत आले. टेबलावर वर्तमानपत्रावर सगळं मी ठेवून गेले होते तसंच — बॉडी, नेक, वाटीत चार स्क्रू. कागदावर झेंडूच्या दोन पाकळ्या होत्या, आई तोरण करताना घरभर सांडते. त्या झटकल्या, बॉडी उलटी केली, नेक खाचेत घातली, स्क्रू आवळले. रंग अजून जरासा चिकट होता. तारा चढवल्या तर त्या फ्रेटवर टेकून खरखरायला लागल्या, म्हणून तारांखालचा ब्रिज वर उचलला आणि पळाले. तारा अशा कशा टेकायला लागल्या, हा प्रश्नही विचारला नाही! मी! क्वालिटीवाली!

गरब्यात काय, सगळं खरडणंच, कुणाला कळणार. लांब नोट तर ह्या गाण्यातच आली.

म्हणजे दोष नेकच्या बैठकीत. उद्या फॅक्टरीतून फीलर गेज आणते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दात-ओठ खात लिहितेय. अक्षर बघ काय आलंय.

फीलर गेज — त्या पातळ पोलादी पट्ट्या, फट मोजायच्या. नेक जिथे बॉडीच्या खाचेत बसते तिथे एक पट्टी सरकवून बघितली. गेली! आत गेली! तिथे कागदसुद्धा जायला नको, तिथे पोस्टकार्ड जाईल एवढी फट. नेक नीट टेकलेलीच नाही. अधांतरी! लाकडाला लाकूड भिडत नसेल तर सूर टिकेल कसा?

आणि मग वास आला. मशीनचं तेल.

चारही स्क्रूंना तेल. वरच्या खुंट्यांना तेल, म्हणून तर त्या दसऱ्यापासून लोण्यासारख्या फिरतायत. मी कधी तेल घातलं? कधीच नाही. दसऱ्याला स्क्रू आवळताना बोटांना तेलकट लागलं होतं, मला वाटलं देवासच्या कचोरीचं! ह्या घरात ते तेल एकच माणूस वापरतो.

म्हणजे मी देवासला असताना बाबा वर आले. ज्यांना गुडघ्यांमुळे गच्चीवर पाणी बघायला जाववत नाही, आईला पाठवतात, ते जिना चढून माझ्या खोलीत आले आणि माझ्या सुट्या गिटारला हात लावला! काहीतरी घासलं, ठोकलं, काय केलं देव जाणे. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी!

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच खाली. बाबा बाहेरच्या खोलीत बातम्या बघत होते. टीव्ही बंद केला मी.

"माझ्या गिटारला हात लावलात?"

आई स्वयंपाकघरातून आली. "अगं, काय झालं —"

"मी बाबांना विचारतेय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. खंडेनवमीनंतर पहिल्यांदा. "हो. लावला."

हो, लावला! सरळ!

मग मी काय बोलले नाही? सगळं बोलले. म्हटलं, तिचा सूर गेलाय तुमच्यामुळे. माझी जागा चाललीय बँडमधली. म्हटलं, खेळणं ना ते? मग खेळण्याला हात कशाला लावलात? म्हटलं, तुम्हाला ती बंदच पाडायची होती, तोंडाने जमलं नाही म्हणून हाताने केलंत.

आई म्हणाली, "निशी, गप. तुला माहीत नाही —" तर बाबांनी नुसता हात वर केला आणि तीही गप्प. ह्या घरात हात वर केला की मशीन बंद!

"सूर गेला?" एवढंच विचारलं त्यांनी.

"गेला!"

उठले, चपला घातल्या, बाहेर गेले. माफी नाही, काही नाही. माझ्या दाराला आता कुलूप लागणार.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बाबा उज्जैनला रमाआत्याकडे गेले. सकाळच्या बसने. मी फॅक्टरीत गेल्यावर निघाले, मला कळू नये म्हणून. जाऊ देत. केलं ते केलं आणि वर रुसायचंही यांनीच.

आईने ताट असं आपटलं की वरणाचा शिंतोडा माझ्या ओढणीवर. "तू विचारलंस का त्यांना, का हात लावला ते?"

"विचारायचं काय त्यात?"

"तू विचारलंस का?"

"तुला माहीत असेल तर तूच सांग ना!"

"मी नाही सांगणार. मी काय तुमची टपालवाली आहे का? तुमचं तुम्ही बघा." आणि दूध उतू गेलं म्हणून आत गेली. दूध गॅसवर नव्हतंच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अनीशला लिहून टाकलं, उन्मेषलाच दे नोट. त्याचं उत्तर, "रविवार अजून आला नाही." मी फोन उशीखाली टाकला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी. गिटारला दोन दिवस हात लावला नव्हता. भिंतीला टेकून उभी आहे, लाल, दिसायला अशी की कुणी म्हणणार नाही हिच्यात काही खोट आहे.

आई माझ्याशी अजून धड बोलत नाही. घरात जो तो मलाच गुन्हेगार समजतोय! जिचं नुकसान झालं तीच गुन्हेगार! रमाआत्याचाही फोन आला होता, मी जवळ होते तरी आईलाच द्यायला सांगितला. दार लावून बोलली आई.

ठीक आहे. फॅक्टरीत माल नाकारताना आपण काय करतो? फोटो काढतो. दोष कुठे, कसा, कुणाच्या हातून, सगळं दिसलं पाहिजे, मग समोरचा तोंड उघडत नाही. आज नेक काढणार. बाबांनी आत काय घासलंय, काय ठोकलंय, त्याचा फोटो काढणार, आईला दाखवणार, आणि उज्जैनला पाठवणार. तिथे चहा पिता पिता बघा म्हणावं.

तारा सैल केल्या. स्क्रूड्रायव्हर घेतला. बसतेय.

२३ नोव्हेंबर, रविवार

अनीश खाली हॉर्न मारतोय. मारू दे. ह्या वेळी आधी हे लिहिणार.

खाचेत तांदळाचे दाणे होते. अक्षता. लाल रंगात रुतून बसलेल्या, लालावर लाल. आणि नेकच्या टाचेवर, जी बाजू खाचेत टेकते, बरोबर तिथे — कुंकवाचं एक बोट. वरून खाली ओढलेलं, व्हाइसच्या जबड्याला ओढतात तसं. घासलेलं नाही, ठोकलेलं नाही. दुसरा एक ओरखडा नाही.

दसऱ्याला पुसायला ते वर येणारच होते. त्याआधी मी आले आणि आवळून मोकळी झाले.

फोटो काढला नाही. आई दोनदा हाक मारून गेली. मग दाणे नखाने एकेक काढले. जोडली.

आज सकाळी उज्जैनला फोन लावला. आत्याने बाबांना दिला. मला नुसतं रडायला यायला लागलं. शेवटी फोन टेबलावर ठेवला आणि ती नोट वाजवली. तिसरी तार, चौदावा फ्रेट. आली, उभी राहिली, हळूहळू खोलीतून बाहेर गेली.

मग बाबा म्हणाले, "आतलं पुसून घेतलंस ना नीट? दसऱ्याला राहूनच गेलं होतं माझं."

हो म्हटलं. खोटं बोलले. कुंकू ठेवलंय.